वाहन-शंका : इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढते का?

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल गाडी तीन वर्षांची आहे. घर कोथरूडला आणि कार्यालय कर्वे रस्त्यावर असल्याने ती एका वेळी चार-पाच किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. अलीकडे डिपस्टिक पाहिली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलेच वर होते. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘ऑइल कमी झालेले नाही ना, मग काळजी कशाला?’ असे उत्तर मिळाले. मधूनमधून पार्टिक्युलेट फिल्टरचा पिवळा दिवाही लागतो. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संबंध आहे आणि तो थेट आहे. तुमच्या इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरमध्ये वाढलेले ते ऑइल नसून डिझेल आहे, असे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ खात्रीने म्हणता येते. सर्व्हिस सेंटरचे उत्तर मात्र बेजबाबदार आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींत पार्टिक्युलेट फिल्टर आला. धुरातील काजळी हा फिल्टर अडवून धरतो आणि ठरावीक प्रमाणात ती साचली की जाळून टाकतो. या जाळण्याला रीजनरेशन म्हणतात. काजळी नीट जळायला सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते आणि शहरातल्या सावकाश वाहतुकीत धूर तेवढा तापत नाही. म्हणून इंजिनाचा संगणक एक युक्ती करतो : मुख्य ज्वलन होऊन गेल्यावर, पिस्टन खाली उतरत असताना, तो थोडे जास्तीचे डिझेल सिलिंडरमध्ये फवारतो. हे डिझेल तिथे फारसे न जळता धुराबरोबर धुराच्या नळीतल्या पुढच्या कॅटॅलिस्टपर्यंत (धुरातले इंधन जाळणाऱ्या भागापर्यंत) जाऊन तिथे जळावे आणि फिल्टर तापावा, अशी अपेक्षा असते. पण त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरतो.

पेट्रोल असते तर गरम ऑइलमधून ते बऱ्यापैकी उडून गेले असते. डिझेल साधारण १८० अंशांपासून ३६० अंशांपर्यंत उकळते आणि चेंबरमधले ऑइल १०० अंशांच्या आसपासच राहते. त्यामुळे एकदा उतरलेले डिझेल बहुतांशी तिथेच मुक्काम ठोकते. एक रीजनरेशन पुरे व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. तुमची गाडी ते सुरू करते, तोवर कार्यालय येते, तुम्ही किल्ली फिरवता आणि काम अर्धवट राहते. संध्याकाळी पुन्हा तोच प्रयत्न आणि पुन्हा तेच. काजळी जागची हलत नाही, डिझेल मात्र दर प्रयत्नाला थोडे थोडे खाली उतरत राहते. फिल्टरचा दिवा आणि चढलेली पातळी ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत ती अशी.

डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि बेअरिंग, टर्बो, कॅमशाफ्ट यांच्यावर टिकणारा त्याचा थर क्षीण होतो. पातळी फारच वर गेली, तर ऑइल इंजिनाच्या श्वासनळीच्या (ब्रीदरच्या) पाइपातून हवेबरोबर इंजिनात ओढले जाऊ शकते. अशा वेळी इंजिन स्वतःच्याच ऑइलवर भरधाव पळते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. असे क्वचित घडते, पण घडले तर इंजिन वाचत नाही.

तुम्ही आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलून घ्या. वरचे जास्तीचे तेवढे काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, कारण खाली उरणारे मिश्रणही पातळच असते. नवे ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच, म्हणजे बहुतेक गाड्यांत एसीईए (युरोपीय मोटार उत्पादकांची संघटना) हिच्या सी२ किंवा सी३ दर्जाचे, हवे. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचून राहते, ती काजळीप्रमाणे जळत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा सातारा रस्त्याला किंवा नगर रस्त्याला रहदारी सुटल्यावर अर्धा तास, चौथ्या गिअरात इंजिनाच्या मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर, गाडी एकसारखी चालवा. गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत असेल, उभ्या गाडीत चालू इंजिनाचा वेग नेहमीपेक्षा थोडा वर असेल आणि गरम वास येत असेल, तर रीजनरेशन चालू आहे असे समजा आणि शक्य असल्यास आणखी एक फेरी मारूनच गाडी बंद करा. पिवळ्या दिव्याबरोबर इंजिनाचाही दिवा लागला आणि गाडीची ताकद घटली, तर असे चालवून भागणार नाही. स्कॅनर लावून सक्तीचे रीजनरेशन करावे लागते. चढलेल्या पातळीवर ते करू देऊ नका आणि झाल्यावर ऑइल पुन्हा तपासा.

पुढची गाडी घेताना मात्र रोज आठ-दहा किलोमीटरच्या वापरासाठी डिझेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी आठवड्याला सांगली–मुंबई ये-जा करतो, तरीही ऑइल वाढते. मग वरचे कारण माझ्या गाडीला कसे लागू होईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते लागू होत नाही, म्हणूनच तुमची तक्रार अधिक गंभीर धरावी. आधी मोजणी नीट करा : सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहा. सर्व्हिसच्या वेळीच ऑइल जास्त ओतले गेले नव्हते ना, हेही तपासा; असे बऱ्याचदा होते. त्यानंतर कूलंटच्या टाकीकडे बघा. ते कमी होत असेल आणि ऑइलचा रंग दुधाळ कॉफीसारखा झाला असेल, तर पाणी शिरते आहे. गाडी हलवू नका. ऑइल काळेच असून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर गळत असण्याची शक्यता मोठी आहे. तो उघडून तपासायला हवा. तिसरी शक्यता अशी, की हायवेवर धावूनही गाडी नको तितक्या वेळा रीजनरेशन करते. अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) फाटलेला पाइप किंवा फिल्टरच्या दाबाच्या सेन्सरची चिरलेली नळी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. गॅरेजमध्ये स्कॅनरवर काजळीचे प्रमाण, राखेचे प्रमाण आणि शेवटचे यशस्वी रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झाले, हे तीन आकडे लिहून मागा. दोन रीजनरेशनमध्ये शेकडो किलोमीटर जायला हवेत. तुमच्या वापरात ते शंभराच्या आतच होत असेल, तर दोष फिल्टरच्या आधीच्या भागात शोधावा.

प्रश्न : एक मेकॅनिक फिल्टर आतून मोकळा करून संगणकात बदल करून देतो म्हणतो. त्रास कायमचा जाईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिवा जाईल, पण ज्या काजळीसाठी फिल्टर बसवला ती मागच्या माणसाच्या नाकात जाईल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते ती वेगळीच. फिल्टर राखेने भरला असल्यास तो गाडीवरून काढून स्वच्छ करून देणारे कारखाने आहेत. काम देण्यापूर्वी आणि काम झाल्यानंतर दाबाचे आकडे मागून घ्या.