गाड्यांच्या लढाईचे आधुनिक खेळ कोणते आणि ते शोधावेत कसे?

'ट्विस्टेड मेटल'सारखे, म्हणजे गाडीवरच तोफा-बंदुका चढवून समोरच्याची गाडी उडवण्याचे खेळ आज पीसीवर किंवा प्लेस्टेशन ४ वर मिळतात का, आणि शोधायला गेल्यावर नुसत्या शर्यतीच का पुढे येतात, असे आपण विचारले आहे.

या प्रकाराचा बहर मुख्यतः १९९५ ते २००१ या काळातला. 'ट्विस्टेड मेटल' १९९५ मध्ये आला, 'इंटरस्टेट ७६' आणि 'कार्मागेडन' १९९७ मध्ये, तर 'व्हिजिलांटे ८' त्याच्या पुढच्या वर्षी. 'ट्विस्टेड मेटल'चा शेवटचा नवा भाग २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ वर निघाला आणि त्यानंतर बंदिस्त मैदानात एकमेकांचा पाठलाग करण्याचा तो जुना साचा मोठ्या कंपन्यांनी जवळजवळ सोडूनच दिला. माझ्या मते त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे: पायी लढणारा खेळाडू एका दिशेला पळत दुसरीकडे नेम धरू शकतो, पण बॉनेटवर पक्क्या बसवलेल्या बंदुकीचे तोंड गाडीच्या तोंडाबरोबरच वळते, त्यामुळे नेम साधण्यासाठी आधी गाडी हाकण्यात हात बसावा लागतो, आणि तेवढा धीर नव्या खेळाडूंना क्वचितच असतो. परिणामी या प्रकारातले वेगवेगळे गुण आज वेगवेगळ्या खेळांत विखुरले आहेत. म्हणून जुन्या खेळातले आपल्याला नेमके काय आवडत होते, ते आधी ठरवावे.

शस्त्रास्त्रांची लढत हवी असेल, तर मी प्रथम 'क्रॉसआउट'चे नाव घेईन. २०१७ मध्ये आलेला हा ऑनलाइन खेळ पीसी आणि प्लेस्टेशन ४ या दोन्हींवर विनामूल्य आहे. यात केबिन, चाके, पत्रे, तोफा असे सुटे भाग जोडून गाडी आपणच उभी करायची असते, आणि ते भाग लढाईत एकेक करून उडवता येतात. समोरच्याची चाके आधी तोडावीत की त्याची एकुलती एक तोफ, हा निर्णय पहिल्या काही क्षणांतच घ्यावा लागतो. मात्र चांगले भाग मिळवण्यासाठी बराच काळ त्याच त्या लढाया खेळाव्या लागतात, आणि इथेच पैसे खर्च करण्याचा मोह होतो. तो आवरता येत असेल तरच या खेळात रमावे.

एकट्याने, निवांत खेळायचे असेल तर २०१५ चा 'मॅड मॅक्स' घ्यावा. गाडीवरच्या हार्पूनने, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याने, धावत्या शत्रूचे चाक, चिलखती पत्रा किंवा खुद्द चालकालाच ओढून बाहेर काढता येते, आणि वाळवंटात फिरणाऱ्या ताफ्यांवर घातलेले हल्ले हा तर या खेळाचा सर्वोत्तम भाग आहे. पायी लढण्याच्या मोहिमा पुढेपुढे कंटाळवाण्या होतात, त्या मी फारशा मनावर घेतल्या नाहीत.

आपल्याकडे सायबर कॅफेत 'रोड रॅश'वर वाढलेल्या पिढीसाठी 'रोड रिडेम्प्शन' आहे: धावत्या मोटारसायकलवरून शेजारच्याला गज हाणायचा, आणि सोबत आता बंदुकाही. दिसायला तो थोडा ओबडधोबड आहे, पण एकाच पडद्याचे भाग करून मित्रांसोबत खेळता येतो, आणि ही सोय आता दुर्मीळ झाली आहे. शस्त्रांशिवाय केवळ धडकाधडकी पुरणार असेल, तर 'रेकफेस्ट'मध्ये पत्रा ज्या खरेपणाने चेपतो त्याला तोड नाही. 'कार्मागेडन मॅक्स डॅमेज' २०१६ चा असला तरी त्याचा विनोद बराचसा १९९७ मध्येच अडकलेला आहे. लहान मुले घरात असतील तर तो टाळलेलाच बरा.

आपल्याला अखेर जुनीच चव हवी असेल, तर 'ट्विस्टेड मेटल ब्लॅक' हा २००१ चा भाग प्लेस्टेशन ४ साठी पुन्हा प्रकाशित झालेला आहे.

शोधाविषयी एक सूचना. स्टीमवर, म्हणजे पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, 'रेसिंग' या विभागात जाण्याऐवजी 'व्हेइक्युलर कॉम्बॅट' हा टॅग निवडावा. त्यात रणगाड्यांचे आणि विमानांचे खेळही भरपूर येतात, म्हणून 'टँक्स' आणि 'फ्लाइट' हे टॅग त्याच शोधातून वगळावेत. ऑनलाइन खेळ विकत घेण्यापूर्वी त्या क्षणी किती जण तो खेळत आहेत, हे अवश्य पाहावे, कारण मैदानच रिकामे असेल तर पैसे वाया जातात.