पावागडाहून आले ते बाप, आया कुठल्या?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आजोबा ‘आपण पावागडाहून आलो’ म्हणायचे, वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाची वहीही तेच सांगते, पण सरकारी दप्तरात काही सापडत नाही. यातून मी गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. इतिहासकार नाही, वकील तर नाहीच; जात पडताळणीला यातलं काही वापरू नका.

गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ठाऊक असेलच. माझा जीव खाल्ला तो एका अभिलेख कक्षाने, नाव घेत नाही. जन्म-मृत्यूचं बाड मोडीतलं. बाबू म्हणे, ‘आधी जाणकाराकडून लिप्यंतर आणा, मग नक्कल देतो.’ अहो, नक्कलच हातात नाही तर लिप्यंतर कशाचं करू? पुढचा बाबू म्हणाला, वाळवीने खाल्लं. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने ते कपाटावरून काढून दिलं. नुसती धूळ होती हो! तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाका आणि प्रतीसोबत ‘अभिलेखाची पाहणी’ही मागा, कायद्यात ती आहे. धुळ्याला राजवाडे मंडळ या इतिहास संशोधन संस्थेत मोडी कागद बघून डोळा बसवून घेतलात तर आणखी बरं.

आणि एवढं करून मिळालं काय? सख्ख्या दोन भावांच्या नोंदी: एकापुढे ‘कुणबी’, दुसऱ्यापुढे ‘गुजर’. लिहिणारा बदलला की जात बदलली.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने चांपानेर-पावागड 1484 मध्ये घेतलं, तेव्हा इकडे खानदेशात फारुकी सुलतानांचं राज्य होतं. त्या धामधुमीत कोणी तापीकाठी आलंही असेल. पण आलेला समाज तसाच राहत नाही. भरितासाठी आपण जी मिरची भाजतो, ती पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेतून आली. पावागड पडला तेव्हा ती भारतात नव्हतीच. भाटाच्या वहीत बापांची ओळ असते. घरात अहिराणी कोणी आणली? आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी कोणाच्या तोंडी आहेत? माझ्या घरात ती शेजारच्या गावांतून सून म्हणून आलेल्या बायकांनी आणली, आणि त्यांची माहेरं वहीत नाहीत.

तुमच्याकडे कानबाई बसत असेल तर श्रावणात नीट बघा. रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू कोणाकोणाच्या नावाने मोजतात, रोट कोणाला देतात, कोणाला देत नाहीत. लग्न झालेल्या मुलीला देतात का? भाऊबंदकीची हद्द तिथे दिसते, आणि ती हलते. आमचे सुरतेला गेलेले लोक आता चाळीतल्या शेजाऱ्यांसोबत कानबाई बसवतात. त्यावर गावातले म्हातारे चिडतात, पण पुढच्या वर्षी तेच सुरतेला जाऊन जेवून येतात.

थोरल्या आत्या असतील तर आधी त्यांना गाठा. आजीचं, पणजीचं माहेर विचारा, गाणी म्हणून घ्या. अर्ज नंतर टाकला तरी चालेल. आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते.