पीपीएफचे फुगे आणि सुटलेली कड

अरे, गाडीच्या पीपीएफमधला, म्हणजे रंग जपायला लावलेल्या पारदर्शक फिल्ममधला फुगा फोडायला घेतलेली ती सुई आधी बाजूला ठेव. फिल्म लावून आठवडाच झालाय ना? फुगा बोटाने दाबून बघ. सरकला, पसरला तर आत पाणी आहे. ते हळूहळू आपसूक उडतं. गाडी उन्हात लाव, दोन-तीन आठवडे धीर धर, पावसाळ्यात जरा जास्तच. हवेचा किंवा कचऱ्याचा फुगा मात्र जात नाही, त्यासाठी गाडी फिल्म लावणाऱ्याकडेच ने.

फिल्मच्या सुटलेल्या कडेचं दुखणं वेगळं. खाली धूळ बसली असेल तर कितीही दाब, चिकटणार नाही. मायक्रोफायबरच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आतून हलकेच पूस, पूर्ण वाळू दे, हेअर ड्रायरने कोमट कर आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धर. फेविक्विक अजिबात नको, काढताना रंगही जाईल. आणि वॉशिंगवाल्याला सांग, प्रेशरची धार कडेवर मारू नको म्हणावं.