मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवलं तर फायदे-तोटे काय? (मुलगी तिसरीत, राहणं पुण्यात)

सर्वांत मोठा फायदा वेळेचा. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हजेरी, फळ्यावरचं उतरवून घेणं, बाकीच्यांचं होईपर्यंत थांबणं यातच बराच दिवस सरतो. आठ वर्षांच्या मुलीला घरी दीड-दोन तासांचा बैठा अभ्यास पुरतो. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मात्र त्या दोन तासांत समोर एक मोठं माणूस हवं, रोज. आई-बाबा नोकरीवर आणि मुलगी आजीजवळ मोबाइलवर व्हिडिओ बघतेय, याला होमस्कूलिंग म्हणत नाहीत.

दुसरा फायदा आणि सहसा न दिसणारा तोटा एकाच वजाबाकीत सापडतात. ५०३ − २७८ देऊन बघा. पुष्कळ मुलं ३७५ लिहितात, कारण वरचा अंक कुठला, खालचा कुठला न बघता मोठ्यातून लहान वजा करतात. शाळेत लाल फुली पडते आणि धडा पुढे सरकतो. घरी तुम्ही आगकाड्यांचे गठ्ठे घेऊन चार दिवस तिथेच थांबू शकता: शंभराचा गठ्ठा सोडायचा, दहाचे नऊ गठ्ठे मधल्या घरात ठेवायचे, उरलेला सोडून दहा सुट्या काड्या एककाच्या घरात टाकायच्या. गडबड होते ती यानंतर. मुलगी पेन्सिल टेकवते, आईकडे बघते, आईची भुवई हलते, मुलगी खोडते. उत्तर बरोबर येतं, पण ते आईचं असतं. म्हणून महिन्यातून एकदा दहा गणितांचा कागद द्या आणि खुशाल स्वयंपाकघरात निघून जा.

लिखाणाचीही तीच गत. घरी बरंचसं तोंडी होतं, मग तीन तासांच्या पेपरला हात भरून येतो. अकराव्या वर्षापासून आठवड्याला एक पूर्ण उत्तर घड्याळ लावून लिहून घ्या.

‘मुलांत मिसळणार कशी?’ हे नातेवाईक विचारतीलच. संध्याकाळी सोसायटीत मुलं असतात हो, ओस पडतात ते सकाळी आठ ते दुपारी चार. त्याची सोय आधी लावा. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षा आणि शालेय क्रीडा स्पर्धा यांचे अर्ज शाळेमार्फत जातात, त्यावर पाणी सोडावं लागतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास त्यांना शिक्षा ठेवलेली नाही. तोच कायदा परतीचा रस्ताही देतो: शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश. खासगी शाळा ‘जागा नाही’ म्हणू शकतात, त्यामुळे महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा धरून चाला. आणि परतायचं तर आठवीच्या आत. नववीनंतर हे फार अवघड होतं.

परतायचं नसेल तर दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. चौदा वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, ही घरी शिकणाऱ्यांसाठी मोठी सोय. चूक होते ती स्वाध्यायांत. त्यांना २० टक्के भार असतो आणि मुदतीत न दिल्याने हातचे गुण जातात. दुसरी वाट राज्य मंडळाची: १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसणं.

१७ नंबरला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तेव्हा निर्णय पक्का झाला की पहिलं काम दाखल्याचं. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव आणि जातीची नोंद ऑफिसात उभ्या उभ्याच तपासा. विद्यार्थिनी पटावर असताना दुरुस्ती तुलनेने सोपी असते, नाव कमी झाल्यावर खेटे घालावे लागतात.