वाचकांचे प्रश्न : पॅट्रिक व्हाइट कुठून वाचावा?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन लेखक पॅट्रिक व्हाइटची ‘व्हॉस’ ही कादंबरी दोनदा अर्ध्यावर सोडली. कुठे चुकतंय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुतेकांची गाडी इथंच अडते. शोधमोहिमेवर निघालेला व्हॉस वाळवंटात, त्याच्यात मन गुंतलेली लॉरा सिडनीत. तरी दोघं मनोमन बोलतात. त्या भेटी खऱ्या धरल्यात की धागा तुटलाच.

आधी ‘द ट्री ऑफ मॅन’ (1955) घ्या. सुरुवातीलाच स्टॅन पार्कर झाडावर कुऱ्हाड घालतो, ती जवळजवळ नुसता आवाज ऐकायला! मग रान साफ करून संसार, पूर, वणवा; खानापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. वाक्यं तुटक आहेत, म्हणून रोज दहाच पानं, मोठ्यानं वाचा. मग ‘व्हॉस’ उघडा.

आणि हो, 1973च्या नोबेलच्या पैशातून व्हाइट यांनी उपेक्षित लेखकांसाठी पुरस्कार ठेवला. आम्हाला त्याचं फार मोल वाटतं.