वाचक विचारतात : जर्मनीची हिरवी जर्सी आली कुठून?

प्रश्न : आम्ही कामठीत दर रविवारी सकाळी फुटबॉल खेळतो. आमच्या संघाचा पोशाख पांढरा आहे. समोरचा संघही पांढऱ्यातच आला, की एका संघाला जर्सी काढून उघड्याने खेळावे लागते. म्हणून यंदा जर्मनीसारखा हिरवा दुसरा जोड शिवून घेण्याचा विचार आहे. आमच्यातील एक ज्येष्ठ खेळाडू सांगतात, की महायुद्धानंतर जर्मनीशी खेळायला कोणी तयार नव्हते, तेव्हा आयर्लंड पुढे आले आणि त्या उपकाराची आठवण म्हणून जर्मनीने आयर्लंडचा हिरवा रंग स्वीकारला. हे खरे आहे काय?
– एक वाचक, कामठी

उत्तर : ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ऐकायला गोडही वाटते, परंतु सामन्यांच्या तारखा तिला साथ देत नाहीत. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 22 नोव्हेंबर 1950 रोजी श्टुटगार्टला झाला आणि समोर होता स्वित्झर्लंडचा संघ. जर्मनीने तो 1-0 असा जिंकला. आयर्लंडशी गाठ पडली ती ऑक्टोबर 1951 मध्ये, डब्लिनला. तोवर जर्मन संघ स्वित्झर्लंडशी पुन्हा एकदा आणि तुर्कस्तान व ऑस्ट्रिया यांच्याशीही खेळून मोकळा झाला होता. उपकारच फेडायचे असते, तर जर्सी स्विस लाल रंगाची व्हायला हवी होती. शिवाय डब्लिनचा तो सामना आयर्लंडने 3-2 असा जिंकला होता, हेही आपल्या ज्येष्ठ मित्रांच्या कानावर घालावे.

मग हिरवा आला कुठून, याचे उत्तर घरातच आहे. 1900 साली लाइपझिगमध्ये स्थापन झालेल्या जर्मन फुटबॉल संघटनेचे स्वतःचे रंग हिरवा आणि पांढरा असून तिच्या बोधचिन्हातही तेच दिसतात. पांढरी जर्सी आणि काळी चड्डी हा मुख्य पोशाख प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या रंगांवरून आलेला आहे. दुसरा पोशाख लागेल तेव्हा संघटनेचा हिरवा रंग वापरायचा, असा हा साधा व्यवहार होता. जर्मनीच्या राष्ट्रध्वजात हिरवा कुठेच नसल्यामुळे लोकांना कारण शोधावेसे वाटले आणि आयर्लंडची कथा त्या जागी बेमालूम बसली.

दुसरा पोशाख मुळात लागतो कशाला, हे आपल्याला रविवारच्या अनुभवावरून सांगायला नको. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यावेत, असा खेळाचा नियमच आहे. या बाबतीत थोरामोठ्यांचीही फजिती झालेली आहे. 1958 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीशी खेळताना अर्जेंटिनाला माल्मो गावच्या एका क्लबच्या पिवळ्या जर्सी उसन्या घ्याव्या लागल्या. 1978 मध्ये तर फ्रान्स आणि हंगेरी हे दोघेही पांढऱ्यातच मैदानावर हजर झाले आणि फ्रान्सला स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवून सामना खेळावा लागला. तेव्हा कामठीकरांनी फार ओशाळू नये.

त्या काळी अडचण केवळ मैदानापुरती नव्हती. 29 जून 1986 च्या रात्री साडेअकराला आम्ही धरमपेठेतील शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचासमोर दाटीवाटीने बसून दूरदर्शनवर विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. अर्जेंटिनाचे फिके पट्टे पडद्यावर पांढुरके दिसत होते आणि जर्मन खेळाडू गडद राखाडी. ते लाल असावेत की निळे, यावर मध्यंतरात वाद झाला. पुढे एका क्रीडा मासिकाच्या रंगीत पानावर तो हिरवा पाहिला, तेव्हा आमच्यापैकी कोणाचेच बरोबर नव्हते, हे कळले. मात्र जर्मन संघ त्या रात्री पांढऱ्यात उतरला असता, तर मॅराडोना कोणता आणि त्याला अडवणारा कोणता, हे ओळखणे आम्हाला कठीण गेले असते. अर्जेंटिनाने सामना 3-2 असा जिंकला.

हिरव्याची जुनी मिरवणूक म्हणजे एप्रिल 1972 मधील वेम्बलीचा विजय. युरोपीय स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत इंग्लंडला त्यांच्याच अंगणात 3-1 असे हरवणारा तो संघ हिरव्या जर्सीत होता. 1990 च्या विश्वचषकात तुरिनला इंग्लंडशीच झालेला उपांत्य सामनाही जर्मनीने हिरव्यात, पेनल्टींवर जिंकला. त्या दिवशी मैदानावर असलेले युर्गेन क्लिन्समान 2004 मध्ये प्रशिक्षक झाले आणि गंमत अशी, की त्यांनीच हिरवा बाजूला सारून लाल आणला. लाल रंग अधिक आक्रमक वाटतो, अशी त्यांची धारणा होती. त्यानंतर काळी जर्सी आली, 2012 मध्ये हिरवी परतली, 2014 मध्ये तांबड्या-काळ्या आडव्या पट्ट्यांची जर्सी आली, जिच्यात जर्मनीने बेलो होरिझोन्तेला ब्राझीलचा 7-1 असा धुव्वा उडवला. 2018 मध्ये हिरवी पुन्हा निघाली आणि याच जर्सीत दक्षिण कोरियाकडून 0-2 अशी हार पत्करून विश्वविजेते पहिल्याच फेरीत घरी गेले. रंगावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी यातून हवे ते घ्यावे.

आता आपल्या जोडाविषयी. पांढऱ्याला जोड म्हणून गडद रंग हवा, हे आपले बरोबर आहे. मात्र पावसाळ्यात मैदान हिरवेगार झाले, की हिरव्या जर्सीतला सहकारी लांबून चटकन नजरेत भरत नाही आणि पास देणाऱ्याची पंचाईत होते. माझे मत विचाराल तर गडद निळा किंवा लाल घ्यावा. हिरव्याचाच मोह असेल, तर निदान बाटलीसारखा काळपट हिरवा निवडावा आणि पाठीवरचे क्रमांक ठळक पांढरे करून घ्यावेत.

प्रश्न : 2024 मध्ये जर्मनीने गुलाबी-जांभळी जर्सी का काढली? बर्डीच्या बाजारात माझ्या मुलीने तीच हट्टाने घेतली.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : याचे उत्तर मुलीच्या हट्टातच आहे. दुसरी जर्सी आता रंग वेगळा दिसण्याइतकीच विक्रीसाठीही काढली जाते, आणि मुख्य पोशाखात फार हात घालता येत नसल्यामुळे सारे प्रयोग तिच्यावरच होतात. ही जर्सी मार्च 2024 मध्ये जाहीर होताच जर्मनीत पुष्कळांनी नाके मुरडली. तरीही ती धडाक्याने खपली. संघाची पिढ्यान्‌पिढ्या साथ करणाऱ्या आदिदास कंपनीकडून जर्सी पुरवण्याचे काम 2027 पासून नाइकीकडे जाणार आहे. मुलीने घेतलेल्या जर्सीवरील आदिदासचे तीन पट्टे त्यानंतरच्या जर्मन जर्सीवर दिसणार नाहीत, तेव्हा ती धुताना गरम पाणी टाळावे.