हद्दीबाहेरचा हिशेब

चि. नगरसेविकेस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या वर्षात नेमकं काय समजून घेऊ, असं तू विचारलंस. गटारं, पथदिवे, पेव्हर ब्लॉक हे कुणी शिकवायची गरज नाही. प्रभागातली माणसं रोज सकाळी दारात येऊन शिकवतील. मी जन्मभर लेखा विभागात काम केलं, म्हणून वेगळं सांगतो. मीरा-भाईंदरच्या माणसाचा दिवस ज्या सोयींवर चालतो, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या हद्दीत तयार होत नाहीत. त्या बाहेरून येतात, त्यांचे दर बाहेर ठरतात आणि पैसे मात्र आपल्या तिजोरीतून जातात. हे व्यवहार नीट कळल्याशिवाय अंदाजपत्रक कळत नाही.

पाण्यापासून सुरुवात कर. आपल्या शहराला स्वतःचं धरण नाही. 2011च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या भरली होती, आता ती किती वाढली ते तू प्रचारात इमारतींचे जिने चढून पाहिलंसच. पाणी येतं कुठून? एक, स्टेमकडून, म्हणजे उल्हास नदीवरच्या शहाड-टेमघर योजनेतून. ही कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद अशा चौघांची. तिथे आपण भागीदार आहोत. दोन, एमआयडीसीकडून. बारवी धरण त्यांचं, आणि तिथे आपण फक्त गिऱ्हाईक. तीन, सूर्या प्रादेशिक योजना. ती एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, हाती घेतली. एकूण 403 दशलक्ष लिटर रोज, त्यातले 185 वसई-विरारला आणि 218 आपल्याला. इथे आपण लाभार्थी.

भागीदाराला कंपनीचे हिशेब मागता येतात, दर ठरवताना विरोध नोंदवता येतो. गिऱ्हाइकाला फार तर विनंतीपत्र लिहिता येतं. लाभार्थ्याला तर लोकार्पणाच्या तारखेची वाट बघावी लागते. सभागृहात पाण्यावर चर्चा निघाली की सगळे मिळून पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यावर तुटून पडतात. तो बिचारा तिन्ही ठिकाणांहून जे येतं ते वाटणारा माणूस. तू उठून एवढंच विचार: स्टेमच्या संचालक मंडळाच्या मागच्या बैठकीत आपल्या बाजूने कोण बसलं होतं, काय मागितलं, आणि ते इतिवृत्तात आहे का?

शटडाउनचंच बघ. वाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पुरवठा बंद राहणार, असं जाहीर होतं. शेवटी ठरलेली ओळ असते: ‘पुढील एक-दोन दिवस पाणीपुरवठा कमी दाबाने होईल.’ आपण वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहोत. वरच्या शहरात नळ सुरू झाले तरी आपल्या टाक्या भरायला आणखी वेळ जातो, आणि तोवर सोसायटीचा सेक्रेटरी टँकरवाल्याला फोनवर फोन लावत असतो. त्या टँकरचा खर्च महापालिकेच्या कुठल्याच लेखाशीर्षात सापडत नाही. तो सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये जातो. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या बाईने पाणीपट्टी भरलेली असते, वर टँकरचेही पैसे भरलेले असतात. माझ्या मते शहराच्या पाण्याचा खरा खर्च हा दोन्ही मिळून आहे, आणि तो तू आपल्या प्रभागातल्या सोसायट्यांकडून गोळा करायला हवास. हा आकडा हाती असला की एमआयडीसीच्या दारातही तुझ्या पत्राला वजन येईल.

आता सूर्याच्या पाण्याबद्दल. ‘योजना एमएमआरडीएची, आपल्याला काय खर्च?’ असं तुला दहा जण सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. मुख्य वाहिनी चेणे गावापर्यंतच, पण तिथून पुढे गल्लीतल्या नळापर्यंतचं जाळं महापालिकेचं. जलकुंभ, वितरण वाहिन्या, पंपांची वीज, गळती शोधणारी माणसं, सगळं आपलं. शिवाय मोठ्या प्रमाणावर मिळणाऱ्या पाण्याचा दर आपल्याला दरमहा मोजायचा आहे. फीत कापली जाते एकदाच, बिल मात्र दर महिन्याला येतं. म्हणून कुठल्याही प्रादेशिक योजनेच्या गोषवाऱ्यात, म्हणजे सभागृहापुढे येणाऱ्या प्रस्तावात, तीन आकडे शोध: आपला भांडवली हिस्सा, दरसालचा देखभाल खर्च, आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागवायचा. तिसरा आकडा बहुतेक वेळा नसतोच. ‘होणारा खर्च उपलब्ध तरतुदीतून भागविण्यात यावा’ एवढं वाक्य असतं. त्या वाक्यावर थांब आणि तरतूद किती, शिल्लक किती, दायित्व म्हणजे आधीचं देणं किती हे मुख्य लेखाधिकाऱ्यांकडून लेखी घे.

अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत केंद्राचा हिस्सा शहराच्या लोकसंख्येवर ठरवला गेला. दहा लाखांवरच्या शहराला खर्चाच्या पंचवीस टक्के, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, त्याखाली निम्मा. 2011च्या आकड्यांवर आपण मधल्या गटात बसतो. पण पंधराव्या वित्त आयोगाने निधी वाटताना आपल्याला बृहन्मुंबई नागरी समूहात धरलं, म्हणजे दशलक्षी, दहा लाखांवरच्या शहरांच्या गटात. त्या गटातला पैसा हवेची गुणवत्ता, पिण्याचं पाणी आणि घनकचरा यांतल्या कामगिरीवर बांधलेला. म्हणजे एकाच शहराला एका फाइलमध्ये मध्यम शहर म्हणतात आणि दुसऱ्या फाइलमध्ये महानगराचा तुकडा. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण कोणत्या दारावर आपण कोण म्हणून उभे आहोत हे माहीत नसलं तर मागणीच चुकीची होते. त्याच आयोगाने आणखी एक अट घातली होती: लेखापरीक्षण झालेले हिशेब लोकांसमोर ठेवा आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवा, नाहीतर अनुदानाला पात्रच ठरणार नाही. म्हणून लेखापरीक्षणाचा अहवाल वेळेत आला की नाही हा प्रश्न तुला रुक्ष वाटू देऊ नकोस.

जकातीच्या काळात महापालिकेला रोज रोकड दिसायची. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 1 ऑगस्ट 2015पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला, आणि 1 जुलै 2017ला जीएसटी लागू झाल्यावर तो दरवाजा बंदच झाला. त्या बदल्यात राज्य शासन भरपाई देतं, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. पगार त्यावर निघतात. पण ही भरपाई आपली कमाई नव्हे. तिचा दर आपण ठरवत नाही आणि तारीखही नाही. आपल्या हातात उरतं काय? मालमत्ता कर, पाणीपट्टी, आणि बांधकाम परवानगीतून येणारी विकास शुल्कं. यातलं शेवटचं उत्पन्न इमारती उभ्या राहत आहेत तोवरचं. त्यावर कायमचे पगार आणि पाण्याची बिलं टाकणं धोक्याचं आहे, असं मी ठामपणे सांगतो.

म्हणूनच एक अप्रिय सल्ला देतो. पाणीपट्टी वाढवायचा विषय आला की तो फेटाळून टाळ्या घेणं सोपं असतं. तू लगेच हात वर करू नकोस. एक हजार लिटरला आपण किती देतो, गळती धरून ते किती पडतं आणि नागरिकांकडून किती घेतो, हे आधी मांडायला लाव. तफावत मोठी असेल तर ती कुठून तरी भरली जातेच, आणि बहुतेक वेळा शाळा आणि दवाखान्याच्या वाट्यातून. झोपडपट्टी आणि चाळींना जपून दर ठरवता येतात. ते ठरवायला डोकं लागतं, म्हणूनच तुला निवडून दिलंय.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपण जे पाणी पितो ते कुणाच्या तरी गावावरून येतं. बारवीची उंची वाढली तेव्हा माणसं उठली, आणि त्या पाण्याचा वाटा घेणाऱ्या महापालिकांनी प्रकल्पग्रस्तांच्या घरातल्यांना नोकरीत घ्यायचं ठरलं. सूर्या प्रकल्प मुळात पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी. ते पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. आपल्याकडे इमारतीच्या गच्चीवरून टाकी ओसंडून वाहते तेव्हा हे आठवायला हवं. उलट बाजूही आहे. दहिसरहून आपल्याकडे येणारी मेट्रो 9 संपूर्ण प्रदेशाच्या सोयीची, पण कारशेडची जागा ठरताना राई, मुर्धे, मोर्वेच्या गावकऱ्यांना रस्त्यावर यावं लागलं, मग ती डोंगरीला गेली आणि तिथे झाडांचा प्रश्न उभा राहिला. शहराची सोय नेहमी कुणाच्या तरी जमिनीवर उतरते. त्या माणसांना सभागृहात बोलावण्याची मागणी कर, पक्ष कोणताही असो.

हे सगळं बोलायची एक हक्काची जागा राज्यघटनेने दिलेली आहे. 74व्या घटनादुरुस्तीने 243 झेडई या अनुच्छेदात महानगर नियोजन समिती सांगितली. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडून यायचे असतात. तू त्या निवडणुकीला उभी राहू शकतेस. प्रदेशाचे रस्ते, पाणी, कचरा यांचा आराखडा या समितीसमोर यावा, तो परस्पर प्राधिकरणात ठरू नये, यासाठी आसपासच्या महापालिकांतल्या नगरसेवकांना आताच गाठ. वसई-विरारवाल्यांशी आपलं पाणी एकाच योजनेत आहे, त्यांच्याशी वैर परवडणारं नाही. आणि हे पण लक्षात ठेव की महासभेचा ठराव राज्य शासन महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. म्हणून ठराव मोघम लिहू नकोस. आकडा, कायद्याचं कलम आणि कारण लिहिलेला ठराव विखंडित करताना वरच्यांनाही उत्तर द्यावं लागतं.

पहिलं काम सांगतो. ऑगस्ट 2022मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात हद्दीबाहेरच्या यंत्रणांशी झालेले सगळे करार, घेतलेली कर्जं, कबूल केलेले हिस्से यांची यादी नगरसचिवांकडे लेखी माग. त्यात कर्जाचा हप्ता चुकला तर अनुदानातून परस्पर वळता करण्याची अट आहे का, तेही बघ. यादी मिळाली की रविवारी दुपारनंतर घरी ये. चष्मा बदलून आणलाय, आपण ओळ न् ओळ वाचू.

तुझा,
काका